दोन व्याह्यांचा पाव

मास्तर आणि अप्पा यांचं कधी भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं की माणसं निदान मनातलं बोलतात, चार दिवस तोंड फिरवतात आणि पाचव्या दिवशी चहाला बसतात. या दोघांमध्ये होता तो आदर. गेली चार वर्षं दोघं एकमेकांना इतका आदर देत होते, की त्याच्या ओझ्याखाली दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले आणि त्या कोटांच्या आतल्या माणसांबद्दल एक अक्षर बाहेर काढलं नाही. अप्पा हवामान खात्यातून निवृत्त झालेले. मास्तरांची एकुलती एक लेक ठकी अप्पांच्या एकुलत्या एका मुलाला दिलेली, म्हणून दोघं व्याही. चार दिवसांपूर्वी ठकीला मुलगी झाली आणि मास्तर एक बॅग घेऊन लेकीच्या सासरी दाखल झाले.

बॅग बाहेरच्या खोलीत, पलंगाखाली. खोलीत कपाट होतं आणि ते रिकामंही होतं. अप्पांनी पहिल्याच दिवशी "कपाट आहे हो" असं सांगितलं होतं. मास्तर "असू द्या, असू द्या" म्हणाले होते. तेव्हापासून ते सकाळी बॅगेतून सदरा काढत आणि संध्याकाळी घडी करून बॅगेत ठेवत, जणू घराला सुरकुती पडेल.

खरी गोष्ट अशी, की मास्तरांना परत जायचं नव्हतं. दुकान त्यांनी गेल्या वर्षी बंद केलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन महिन्यांपूर्वी ठकी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तिकडे एकटे भिंतींशी काय बोलता? इकडेच या राहायला." मास्तर "बघू" म्हणाले. बघायचं एवढंच होतं, की घर अप्पांचं आणि अप्पा काही बोलले नव्हते. लेक म्हणाली, जावई म्हणाला, विहीणबाई तर दोनदा म्हणाल्या. अप्पा आभाळ बघत राहिले. उद्या सकाळी साडेसातची बस होती. तोवर अप्पांच्या तोंडून 'राहा' निघालं तर ठीक, नाहीतर मास्तर आपणहून विचारणाऱ्यातले नव्हते.

अशा त्या सकाळी नऊ वाजता विहीणबाईंचा फोन आला. त्या तीन दिवस दवाखान्यात ठकीजवळ होत्या आणि तिथली व्यवस्था एव्हाना त्यांनी आपल्या हातात घेतली होती.

"मास्तर, अप्पा कुठे आहेत?"

"गच्चीत. आभाळ बघताहेत."

"बघू द्या, आभाळाला काही होत नाही. ऐका, दुपारी सोडताहेत आम्हाला. तुमच्या लेकीने तीन दिवसांत धड एक घास खाल्लेला नाही. इथलं जेवण चमच्याने इकडून तिकडे सरकवते आणि ताट परत पाठवते. आत्ता विचारलं, बाई गं, काय खावंसं वाटतंय? तर म्हणे, आई, तुमचा पाव. घरचा. लोणी लावून."

"बेकरीतून घेऊन येतो. आत्ता जातो."

"बेकरीचा पाव मागितलाय का तिने? तुम्ही दोघं करा."

मास्तरांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. त्या कानालाही तेच ऐकू आलं.

"आम्ही?"

"चार हात आहेत तुम्हाला. मी दोनांत करते. आणि मास्तर, भांडू नका."

"छे छे! आम्ही कधी भांडलोय—"

"तेच म्हणतेय मी."

अप्पा खाली आले. फोन ओट्यावर उभा ठेवला गेला आणि विहीणबाई दवाखान्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू लागल्या. अप्पा लिहून घेत होते. नोंद करण्यात त्यांची हयात गेली होती. 'मैदा आणि गव्हाचं पीठ, समसमान, एकूण अर्धा किलो. मीठ दोन लहान चमचे. साखर एक. तेल दोन मोठे. यीस्ट दोन लहान चमचे, फ्रीजच्या दारातल्या बरणीत.'

"तेवढंच आहे हं," फोन म्हणाला. "सांडलंत तर पावाची आशा सोडा. ते कोमट पाण्यात घाला."

"कोमट म्हणजे किती अंश?" अप्पांनी विचारलं.

"कोमट म्हणजे कोमट. बोट घालून बघा."

'बोट' ही नोंद अप्पांच्या पेनातून उतरेना. ते आतून थर्मामीटर घेऊन आले. मास्तरांनी पाण्यात करंगळी घातली. थर्मामीटर म्हणालं सदतीस, करंगळी म्हणाली ठीक आहे. दोन्ही पक्षांचं एकमत झालं आणि दोघांचाही थोडा हिरमोड झाला.

"मग मळायचं दहा मिनिटं. झाकून ठेवायचं. दुप्पट फुगलं की मुठीने दाबून हवा काढायची, एकदाच, आणि परत झाकायचं. दुसऱ्यांदा फुगलं की लांबट वळून डब्यात. डब्यात वर आलं की ओव्हनमध्ये. कळलं?"

"कळलं," दोघं म्हणाले. फोन बंद झाला आणि स्वयंपाकघरात आदर पसरला.

"मळा तुम्ही, अप्पा."

"छे छे, तुम्ही मळा. तुमचे हात कसलेले."

"घर तुमचं."

"असं कसं? पाहुण्यांचा मान आधी."

'पाहुणे' हा शब्द मास्तरांना लागला. शिलाई उसवताना ब्लेड बोटाला लागतं तसा: रक्त नंतर येतं. ते मळायला उभे राहिले. पीठ आधी बोटांना चिकटलं, मग मनगटांना, मग घड्याळाच्या पट्ट्याला. अप्पांनी पुढे होऊन, 'क्षमा करा' म्हणत, त्यांचं घड्याळ सोडवून घेतलं. दहा मिनिटांनी गोळा असा मऊ आणि तुळतुळीत झाला, की मास्तरांना उगाचच दवाखान्यातल्या नातीची आठवण आली. तिला त्यांनी आतापर्यंत फक्त एकदा, तेही दोन मिनिटं घेतलं होतं, कारण अप्पा रांगेत उभे होते आणि अप्पांना ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं.

गोळा पातेल्यात गेला, वर ओलं फडकं पडलं आणि पातेलं खिडकीत उन्हाला बसलं. दहा वाजले होते.

अकरा वाजता मास्तर डोकावले. फडक्याला तंबूसारखा घुमट आला होता. खाली पीठ चक्क दुप्पट! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. अप्पांना हाक मारावी म्हणून ते बाहेर आले, तर अप्पा वर्तमानपत्र छातीवर घेऊन आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. रात्री उशिरापर्यंत दवाखान्यात बसले होते बिचारे. उठवायचं कसं? उठवलं तर त्यांना वाटणार, घरचा माणूस असून आपण विसरलो आणि पाहुण्याने आठवण करून दिली. मास्तर पावलं न वाजवता परत फिरले, मूठ वळली, गोळ्यात घातली. फुस्स करून हवा गेली. फडकं झाकलं आणि झाला प्रकार पोटात ठेवून ते गच्चीत कपडे वाळत घालायला गेले.

बारा वाजता ते पुन्हा आले, तर पीठ खाली बसलेलं. अगदी तळाला.

मास्तरांनी फडकं पूर्ण बाजूला करून पाहिलं. तासभर झाला होता! इस्त्री धरधरून आपला हात जड झालाय, आपल्या मुठीने ते पीठ बहुतेक गतप्राण झालंय. आता लेक घरी येणार, पाव मागणार आणि अप्पा आदराने म्हणणार, 'असू द्या मास्तर, होतं असं.' त्या 'असू द्या'वर ते साडेसातच्या बसमध्ये कसे बसतील याचं चित्रसुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, खिडकीजवळच्या सीटसकट.

तेवढ्यात अप्पा मागे येऊन उभे राहिले. दोघांनी पातेल्यात पाहिलं.

"वेळ लागतो," अप्पा जरा जास्तच घाईने म्हणाले.

"लागतोच," मास्तर म्हणाले.

"हवेत आर्द्रता कमी आहे आज."

"हो ना. मलाही तसंच वाटत होतं."

मास्तरांना आर्द्रतेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. जो तो दुसऱ्याच्या होला हो मिळवून मोकळा झाला.

पाऊण वाजता पीठ पुन्हा वर आलेलं दिसलं आणि मास्तरांच्या पुढे खरा पेच पडला. त्यांच्या हिशेबाने हे दुसरं फुगणं. आता वळून डब्यात घालायचं. पण अप्पांच्या हिशेबाने हे पहिलंच! आपण डबा काढला तर अप्पा म्हणणार, 'अहो, दाबायचं राहिलं की.' मग सांगावं लागणार, की मी आधीच दाबलं, तुम्ही झोपला होतात. म्हणजे झोपेचा उल्लेख आला. त्यापेक्षा एकदा जास्त दाबलेलं काय वाईट? त्यांनी हाक मारली.

"अप्पा! फुगलं बघा. दाबायचं ना?"

अप्पा आले. पिठाकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण ते थांबलं नाही.

"हो हो. दाबायला हवंच. तुम्ही दाबा."

"छे, तुम्ही."

"दोघं दाबू."

तेव्हा दोघांनी, एखाद्या इमारतीचं उद्घाटन करावं तशा गांभीर्याने, एकेक मूठ पिठात घातली. दोघांनीही पहिल्यांदाच दाबत असल्याचं कौतुक चेहऱ्यावर आणलं. हवा गेली. या वेळी ती फुस्स न होता सुस्कारा टाकल्यासारखी गेली.

दीड वाजता पीठ अर्धवट वर येऊन थांबलं होतं. हाताला सैल लागत होतं आणि वासही किंचित आंबूस यायला लागला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"निघतोय आम्ही तीनला. साडेतीनपर्यंत घरी. पाव ओव्हनमध्ये गेला का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पीठ फुगत नाहीये," अप्पा म्हणाले. "म्हणजे फुगत होतं."

"किती वेळा दाबलंत?"

"एकदा," मास्तर म्हणाले.

"एकदा," अप्पा म्हणाले.

मग दोघं एकदमच म्हणाले, "आणि मग दोघांनी मिळून एकदा."

अप्पांनी मास्तरांकडे वळून विचारलं, "म्हणजे तुम्ही कधी दाबलंत?"

"अकराला. तुम्ही झोपला होतात हो. म्हटलं कशाला उठवा."

"मी पावणेबाराला. तुम्ही वर कपडे वाळत घालत होतात. म्हटलं पाहुणा माणूस, त्याला किती राबवायचं!"

"तीनदा!" फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला. पाठोपाठ कुणीतरी हसल्याचा, आणि मास्तरांनी ते हसू ओळखलं. ठकी होती ती. "अहो, उठूच देत नाही तुम्ही त्याला! घाला आता तसंच डब्यात. येईल तेवढं येईल."

फोन बंद झाला. मास्तर ओट्याला टेकले. त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं खोकला आहे, मग कळलं, हसू आहे. अप्पा चष्मा काढून डोळे पुसत होते.

"आर्द्रता कमी आहे म्हणे!" मास्तर म्हणाले.

"तुम्ही हो म्हणालात की!"

"मग काय म्हणू? खात्याचा माणूस सांगतोय."

पीठ लांबट वळून डब्यात गेलं. आता त्याच्याकडे बघत बसण्याशिवाय काम नव्हतं. दोघं स्वयंपाकघरातल्या दोन स्टुलांवर बसले, पातेलं खरवडत. आणि हसून हसून मोकळ्या झालेल्या घशातून अप्पांच्या तोंडून ते निघालं, जे चार वर्षं अडकून पडलं होतं.

"मास्तर, तो लग्नातला कोट."

मास्तरांचा चमचा थांबला. मुलाच्या लग्नासाठी अप्पांचा कोट त्यांनी स्वतः शिवून पाठवला होता. माप अप्पांनी फोनवर सांगितलं होतं. लग्नाच्या दिवशी कोटाचं एकही बटण लागलं नाही. अप्पा अख्खं लग्न पोटावर हात ठेवून उभे राहिले. लोकांना वाटलं, पोट दुखतंय. चार जणांनी त्यांना औषधं सुचवली.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? मी कंबर चौतीस सांगितली. ती माझी नोकरीला लागतानाची. तेवढीच पाठ होती." अप्पा पातेल्याच्या काठाला चिकटलेलं पीठ नखाने काढत राहिले. "त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी इतकं जपून बोलता. मला वाटतं, यांचं नाव खराब केलं आपण. भर मांडवात."

"मी जपून बोलतो, कारण मला तेव्हाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"चौतीस खोटी आहे हे. आवाजावरून कळतं हो. चौतीस कंबरेचा माणूस असा सावकाश बोलत नाही. पण मुलाच्या बापाला म्हणायचं कसं, की पोटावर टेप धरून पुन्हा सांगा? म्हणून सांगितलं तेवढंच बेतलं आणि दोन्ही बाजूंनी आत दोन-दोन इंच कापड सोडून ठेवलं. तासाभराचं काम होतं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, मास्तर, घट्ट होतोय. सुईदोरा माझ्या खिशातच होता."

"खिशात होता?"

"अख्खं लग्न."

अप्पांनी पातेलं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला टाळत होतो, तुम्ही सुई आणाल म्हणून नाही, चारचौघांत माप घ्याल म्हणून."

पावणेतीनला डब्यातलं पीठ काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं. त्याहून वर जाण्याची त्याची इच्छा दिसेना, तेव्हा ते तसंच ओव्हनमध्ये गेलं. वास आधी स्वयंपाकघरात पसरला, मग बाहेरच्या खोलीत, मग जिन्यात. पस्तीस मिनिटांनी अप्पांनी पाव उलटा केला आणि विहीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे खालच्या बाजूवर टकटक केलं, मग कान लावून थांबले, आतून कोणी 'आलो, आलो' म्हणेल अशा बेताने. आवाज पोकळ आला. पाव झाला होता. फक्त बसका होता. कोणीतरी त्याच्यावर चुकून बसून उठल्यासारखा.

साडेतीनला गाडी आली. जावई सामान घेऊन, विहीणबाई बाळ घेऊन आणि ठकी भिंतीला हात लावत लावत. चेहरा एवढासा झालेला. मास्तरांनी तिला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि पाव कापायला घेतला. पाव चुरा न होता कापला गेला, घट्ट विणीच्या कापडासारखा. त्यांनी लोणी लावलं आणि बशी तिच्या हातात दिली.

ठकीने एक घास घेतला. सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते.

"आईंचा नाही हा," ती म्हणाली.

"नको असेल तर ठेव बाळा. मी बेकरीतून—"

"आईंचा फुगतो. हा चावावा लागतो."

"तीनदा दाबलाय," अप्पा अपराधी सुरात म्हणाले.

"ऐकलं मी. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. फोन स्पीकरवर होता." तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. बशीतला तुकडा संपला. बोटाला लागलेलं लोणी तिने चाटलं, लहानपणी चाटायची तसंच. "बाबा, अजून आहे ना? जाड काप."

मास्तरांनी जाड कापला. मग आणखी एक. मान खाली घालून ते कापत राहिले, कारण ती वर केली असती तर अवघड झालं असतं.

विहीणबाईंनी उभ्या उभ्या एक तुकडा खाऊन पाहिला. "आंबूस लागतोय थोडा," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला. "रविवारी करा परत. यीस्ट संपलंय, आजच आणून ठेवा. विसराल नाहीतर." आणि बाळाला घेऊन आत गेल्या. रविवार त्यांच्या दृष्टीने ठरून गेला होता.

रविवारला चार दिवस होते. बस उद्या होती. मास्तर हातात सुरी घेऊन उभे राहिले. अप्पांनी चपला पायात सरकवल्या.

"चला मास्तर. जाऊन येऊ."

दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदाराने फळीवरून दोन पुड्या काढून पुढे ठेवल्या, एक बोटाएवढी आणि एक पंजाएवढी.

"छोटी देऊ की मोठी?"

"फरक काय?" मास्तरांनी विचारलं.

"छोटी एका पावाची. फोडली की संपली. मोठी बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवायची. सहा महिने जाते."

मास्तर दोन्ही पुड्यांकडे बघत राहिले. कात्री लावण्याआधी ते कापडाकडे बघत असत, तसे. छोटी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं: सांगितलं तेवढं बेतायचं आणि उरलेलं आत दुमडून ठेवायचं.

ते अप्पांकडे वळले.

"अप्पा, छोटी घेऊ की मोठी?"

अप्पांना प्रश्न कळला. कळला हे त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून दिसलं. "तुम्ही म्हणाल त—" असं सवयीने तोंडातून निघालं आणि ते त्यांनी अर्ध्यावर गिळलं. त्यांनी दुकानाच्या छपराबाहेर आभाळाकडे एकदा पाहिलं, पण तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"मोठी घ्या," ते म्हणाले. मग, हे पुरेसं झालं नाही असं वाटून, दुकानदारालाच सांगितलं, "मोठी द्या हो. आमचे मास्तर करतात पाव. दर आठवड्याला लागणार."

"सहा महिन्यांत संपली नाही तर टाकून द्या हं," दुकानदार म्हणाला. "मग फुगत नाही."

"संपेल," मास्तर म्हणाले आणि पुडी घेण्यासाठी हात पुढे केला. अप्पांनीही केला. पुडी थोडा वेळ दोघांच्या हातात राहिली. मग मास्तरांनी ती आपल्याकडे ओढली.